दोनशे साडेतेवीस

आठवी, नववी आणि दहावी ही तीन वर्षं मी धुळ्याला अक्काकडे काढली. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नात्यानं आत्या, पण सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची म्हणून मीही तेच म्हणू लागले. ती सरकारी दवाखान्यात आया होती. तिची कामाची पाळी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे आमची गाठ कधी सकाळी चहाला पडायची, कधी संध्याकाळी दिवेलागणीला, तर कधी दोन-दोन दिवस नुसती तिच्या पातळाला येणाऱ्या फिनेलच्या वासाशीच. घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. शाळा सकाळची; दुपारी आले की मी कुलूप उघडायचे, दप्तर खुंटीला लावायचे आणि पितळी ताटाखाली झाकून ठेवलेली भाकरी काढायचे. बहुतेक दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची असायची, पांढरीशुभ्र. अक्काच्या अंगात जोर असला तर कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, करडी, आणि सोबत शेंगदाण्याची चटणी किंवा मिरचीचा ठेचा. मी दाराकडे पाठ करून जेवायचे. का ते आज सांगता येणार नाही. उघड्या दारातून येणाऱ्या-जाणाऱ्यानं एकटं जेवताना पाहू नये असं वाटत असावं.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि आई, आणि आई गेल्यावर मी एकटीच. नाना नरडाण्याला रेल्वेत पॉइंटमन होते, गाड्यांसाठी रूळ बदलून देणारे. त्यांचीही ड्युटी पाळीची. आई होती तोवर ते चाललं. नंतर रात्र-रात्र क्वार्टरमध्ये वाढत्या मुलीला एकटं कसं ठेवायचं, म्हणून त्यांनी मला बहिणीकडे आणून सोडलं. सुटीच्या दिवशी ते एसटीनं धुळ्याला यायचे, पिशवीत बोरं किंवा भुईमुगाच्या शेंगा असायच्या. भिंतीला टेकून बसायचे. "बठ्ठं ठीक शे ना?" सगळं ठीक आहे ना, एवढं अहिराणीत विचारायचे. मी हो म्हणायचे. मग आम्ही दोघं शेंगा फोडत बसायचो, टरफलांचा ढीग वाढत जायचा, आणि चारच्या गाडीला ते निघायचे. नाना माझ्याशी कमी बोलायचे याचा मला तेव्हा राग यायचा. आता त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पुढं गेल्यावर कळतं, की त्यांना बोलायची सवय लावणारं माणूस घरात उरलं नव्हतं.

आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला पावरलूमचे कारखाने होते. एकेका पत्र्याच्या शेडमध्ये सहा-सहा, आठ-आठ माग. सकाळी सुरू झालेला खडखडाट इतका सलग असायचा की काही दिवसांनी तो ऐकू येईनासा झाला. ऐकू यायचं ते त्याचं थांबणं. वीज गेली की एका क्षणात सगळं गप्प व्हायचं आणि मला स्वतःच्या चावण्याचा आवाज ऐकू यायचा. शुक्रवारी माग बंद असायचे. तो दिवस मला सगळ्यात लांब वाटायचा, निदान नसीम भेटेपर्यंत.

नसीम माझ्याच वर्गात होती, आणि माझ्यासारखीच शाळेत नवी. तिच्या मोहल्ल्यातली मुलींची उर्दू शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर आमच्या मराठी शाळेत यायचं, नाहीतर घरी बसायचं. तिच्याबरोबरच्या मुली घरी बसल्या, ही आली. पहिल्याच आठवड्यात तिनं बाईंना सांगितलं, "माझा पुस्तक घरी राहिला," आणि वर्ग हसला. मीही हसले. ती हसली नाही आणि रडलीही नाही. खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहीत राहिली. नंतर कळलं की ती फळ्यावर अर्धवट राहिलेलं उदाहरण सोडवत होती. गणितात तिच्यासारखं डोकं मी पुढच्या आयुष्यातही फार थोड्यांचं पाहिलं. मधल्या सुटीत ती एका झाडाखाली डबा खायची, मी दुसऱ्या झाडाखाली. एक दिवस माझ्या झाडाखाली ऊन आलं म्हणून मी तिच्याकडे सरकले. एवढ्यावरून मैत्री झाली.

तिचे वडील मागावर कामाला होते, आमच्या मागच्याच शेडमध्ये. मी त्यांना चाचा म्हणायचे. आयुष्यभर त्या खडखडाटात राहिल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं आणि ते स्वतः फार हळू बोलायचे, आपला आवाज आपल्यालाच कळत नसल्यासारखे. त्यांच्या घरात एक खोली आणि पुढं ओटा. शुक्रवारी दुपारी, माग बंद असताना, नसीमच्या अम्मी खिचडी करायच्या, तुरीच्या डाळीची, वर लाल मिरची आणि लसणाची कडकडीत फोडणी. मला ताट वाढताना विचारायच्या नाहीत, वाढायच्याच. त्या ओट्यावर चार माणसांच्या गर्दीत खाल्लेल्या खिचडीची चव अजून माझ्या जिभेवर आहे; घरी कितीदा केली, तशी झाली नाही.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर भामरे सरांनी आम्हा दोघींना शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. सर विज्ञान शिकवायचे. त्यांच्या हातात पुण्याच्या एका संस्थेचं माहितीपत्रक होतं. खेड्यापाड्यांतल्या, लहान गावांतल्या मुलींना अकरावी-बारावी आणि पुढं पदवीपर्यंतचं विज्ञानाचं शिक्षण, राहणं-जेवण सगळं फुकट. जिल्ह्याला एक जागा. दहावीचे गुण धरणार नव्हते, कारण प्रत्येक शाळेचं आणि बोर्डाचं माप वेगळं. त्यांची स्वतःची परीक्षा होती, मे महिन्यात, जळगावला. "तुम्ही दोघी बसा," सर म्हणाले. "एक जागा आहे हे मला माहीत आहे. पण दोघी बसल्या तर जागा आपल्या शाळेत यायची शक्यता दुप्पट."

पत्रक मी ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचण्याचं काम माझं आणि हिशेबाचं नसीमचं, असं आमचं आपोआप ठरून गेलं होतं. परीक्षेचे तीन विभाग होते: भाषा साठ प्रश्न, विज्ञान पन्नास, गणित चाळीस. प्रत्येक विभागातली बरोबर उत्तरं मोजायची, ती शंभरावर आणायची, आणि मग तिन्ही शंभरांची बेरीज. तीनशेपैकी जो आकडा येईल तो एकूण. शिवाय प्रत्येक विभागात निदान चाळीस हवेतच. एका ठिकाणी त्याच्याखाली गेलं की बाकीच्या दोन ठिकाणी आभाळाला हात लावला तरी उपयोग नाही.

नसीमनं माझ्या हातातून पत्रक ओढून घेतलं. तिच्या घरी सुताच्या गठ्ठ्यांवरचे जाड खाकी कागद असायचे, त्यावर ती उदाहरणं करायची. तिनं तीन ओळी लिहिल्या आणि माझ्याकडे सरकवल्या.

"बघ, सुजा. तिन्ही शंभर-शंभर आहेत, पण प्रश्न सारखे नाहीत. गणिताचा एक प्रश्न अडीच मार्कांचा. विज्ञानाचा दोनचा. आणि तुझ्या भाषेचा पावणेदोनचा पण नाही."

"मग?"

"मग काय? तू भाषेत सहा प्रश्न जास्त बरोबर केले तर दहा मार्क मिळणार. मी गणितात चारच केले तरी दहा. वेळ तर सगळ्याला एकच आहे. तू भाषेत बसून राहू नको, तिथं तुझं झालेलं आहे. गणितात ये."

असं कुणी मला तोवर सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, परीक्षा म्हणजे हुशारी; जिला येतं तिला गुण पडतात. बेरजेच्या आतही एक बांधणी असते आणि ती आधी पाहून घ्यावी लागते, हे मला सोळाव्या वर्षी विणकराच्या मुलीनं खाकी कागदावर दाखवलं. हल्ली माझी नात कुठल्या कुठल्या प्रवेश परीक्षांचे पर्सेंटाइल मला समजावून सांगते, तेव्हा मी मान हलवते, आणि डोळ्यांपुढं तो कागद असतो.

पत्रकात शेवटी बारीक अक्षरात आणखी एक नियम होता. एकूण गुण समान आल्यास भाषा विभागात अधिक गुण मिळवणाऱ्या उमेदवारास प्राधान्य. तोही मी वाचला. नसीम हसली. "अर्ध्या-पाव मार्काचा हिशेब आहे, बराबर कशाला येतील?" आणि आम्ही पत्रक घडी करून ठेवून दिलं.

तिची भीती वेगळी होती. तिला भाषेच्या त्या चाळीसची धास्ती होती. उताऱ्यावरचे प्रश्न, समानार्थी शब्द, वाक्प्रचार. तिला घरात एकही शब्द मराठीत ऐकू यायचा नाही. पुस्तक पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हे तिला पाठ करावं लागायचं, आणि मला ते का पाठ करावं लागत नाही याचं तिला नवल वाटायचं. शुक्रवारी दुपारी आम्ही बसायचो. पहिला तास मी तिला उतारे वाचायला लावायचे, दुसरा तास ती माझ्याकडून गणितं करून घ्यायची. ती कडक होती. उत्तर बरोबर आलं तरी रीत लांबलचक असेल तर कागद उलटा करायची आणि म्हणायची, पुन्हा. मी तिच्यावर कधी रागावले नाही, कारण त्या दोन तासांत माझ्याकडे कुणीतरी एकटक बघत असायचं. आठवड्यातून दोन तास का होईना.

याच दिवसांत मी तिला एक गोष्ट अनेकदा सांगितली होती, आणि ती इथं लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. मी म्हणायचे, "मला पुण्याला जायचंच नाहीये. नाना इथं नरडाण्याला एकटे, मी आणखी लांब गेले तर त्यांना कोण? तू बसतेस म्हणून मी बसते." हे मी खोटं बोलत नव्हते. मला तेव्हा खरंच तसं वाटायचं. नसीमनं ते ऐकलं, आणि मनात ठेवलं.

परीक्षेच्या दिवशी अक्काची सकाळपाळी होती, म्हणून चाचा आम्हा दोघींना घेऊन निघाले. पहाटेची पहिली गाडी. मे महिना, पण खिडकीतून येणारा वारा अजून गार होता. पारोळ्याला गाडी भरली, एरंडोलला थांबली तेव्हा ऊन चढलेलं. चाचांनी उतरून केळी आणली आणि आमच्या दोघींच्या मांडीवर मोजून सारखी ठेवली, तीन तिला, तीन मला. स्वतः घेतली नाहीत. जळगावच्या त्या शाळेत पंखे नुसते लटकलेले होते. नसीमचा नंबर दुसऱ्या खोलीत आला. जाताना ती म्हणाली, "चाळीस, सुजा. फक्त चाळीस पाहिजे मला तिथं." मी तिला शेवटचं बजावलं, "उतारा आधी वाचू नकोस, आधी प्रश्न वाच." तिनंही मला बजावलं, "अडकली तर सोड. पुढं जा."

गणितात मी अडकले, आणि सोडून पुढं गेले. ती माझ्यामागं उभी असल्यासारखं वाटत होतं. चाळीसपैकी तीसेक प्रश्नांना मी हात घातला. वर्षभरापूर्वी पंधरांना घातला असता. बाहेर आले तर नसीम भिंतीच्या सावलीत उभी होती, चेहरा धुतलेला, आणि पहिल्यांदाच मला मिठी मारून म्हणाली, "चाळीस झाले. पक्के झाले." परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. चाचा पुढच्या बाकावरून अधूनमधून वळून बघायचे आणि पुन्हा समोर बघायचे.

निकाल शाळेच्या पत्त्यावर आला. शाळा नुकती उघडली होती, आम्ही दाखले न्यायला गेलो होतो. भामरे सरांनी आम्हाला आत बोलावलं. त्यांच्या पुढ्यात टाईप केलेला एक कागद होता आणि ते आमच्याकडे न बघता कागदाकडेच बघत होते. मग त्यांनी वाचलं. नसीमबानो: भाषा पंचावन्न, विज्ञान शहात्तर, गणित साडेब्याण्णव. सुजाता: भाषा नव्वद, विज्ञान सहासष्ट, गणित साडेसदुसष्ट.

सर एकूण वाचायच्या आधीच नसीम म्हणाली, "दोनशे साडेतेवीस." आणि लगेच, माझ्याकडे बघत, "दोघींना."

खोलीत दुसरे एक शिक्षक होते, ते खुर्ची सरकवून बाहेर गेले. सर म्हणाले, "हो. दोघींना. जिल्ह्यात सगळ्यात वर." आणि मग त्यांनी तो बारीक अक्षरातला नियम पुन्हा वाचून दाखवला, जणू आम्हाला तो माहीत नव्हता. जागा मला. नसीम प्रतीक्षायादीत पहिली. मी गेले नाही, तर ती.

आम्ही शाळेतून घरापर्यंत बरोबर चालत आलो. नसीम एकच वाक्य बोलली. "माझं साडेब्याण्णव आहे ना, ते कमीच आहे. तीन चुकले. एक पण बरोबर असतं तर." आणखी एक प्रश्न, अडीच गुण. माझ्याही मनात हिशेब चालला होता, पण उलट्या बाजूचा. मला गणितात एक कमी पडला असता, तर. ते साडेसदुसष्ट माझे कुठं होते? त्यातला निम्मा भाग तिच्या ओट्यावर तयार झाला होता. पण एकूण दोनशे साडेतेवीसमध्ये कुणी कुणाला किती दिलं, याला कुठं रकाना नव्हता.

दोन दिवसांनी दुपारी ती घरी आली. अक्का कामावर होती. नसीम कधीच आत येऊन बसत नसे, त्या दिवशी आली, माठातलं पाणी स्वतः घेऊन प्यायली, आणि पेला उपडा ठेवत म्हणाली, "तू तर जाणार नव्हतीस ना?"

सरळ, साधं विचारलं. तिच्या आवाजात आरोप नव्हता, विनवणीही नव्हती. तिला वाटत होतं मी हो म्हणणार, आणि मग आम्ही दोघी भामरे सरांकडे जाऊन तसं पत्र लिहून घेणार. मला आजही ती पेल्यावर ठेवलेली बोटं दिसतात. शाईचे डाग होते.

"नानांना विचारून सांगते," मी म्हणाले.

तिनं पेल्यावरची बोटं काढली. मग म्हणाली, "बरं. विचार." आणि गेली.

मी खोटं पहिल्यांदा तेव्हा बोलले. नानांना विचारायची गरज नव्हती. सरांनी माझं नाव वाचलं त्या दिवसापासून मी अंथरुणावर पडून वसतिगृहाची खोली रंगवत होते. एकाच खोलीत चार-चार मुली, रात्री दिवा बंद झाल्यावरही बोलणाऱ्या. ज्या घरात मला दाराकडे पाठ करून जेवावं लागणार नाही असं घर. जायचं नाही असं मी म्हणत होते ते जाणं शक्य नव्हतं तोवर.

अक्काला सांगितलं तर ती चुलीपुढून वळलीही नाही. "अगं, तू नाही गेलीस तरी ती जाणार आहे का? त्यांच्यात मुलीला एवढं लांब पाठवतात का कुठं? जागा वाया जाईल नुसती." गल्लीतल्या दोघी-तिघींनीही तेच सांगितलं. भामरे सरांनीही आडून तसंच सुचवलं. मला ते वाक्य हवंच होतं. मी ते घट्ट धरलं, त्याच्यावर विचार करायचा नाही असं ठरवून.

शनिवारी मी नरडाण्याला गेले. नाना ड्युटीवरून नुकते आले होते, पायातले बूट सोडत पायरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, नसीमचं सोडून. मग तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. एक मालगाडी जाईपर्यंत थांबले, कारण क्वार्टरच्या इतक्या जवळून रूळ जायचे की गाडीबरोबर बोलणं शक्यच नसे.

"मन्ही काळजी नको करू. मी आठे शे," पायरीवर हात टेकत ते म्हणाले. "तुले जानं शे का नही, इतलंच सांग."

"जायचंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

त्यांनी मान हलवली. दुसरा बूट काढला. दोन्ही बूट जोडीनं भिंतीशी ठेवत म्हणाले, "मग त्या पोरले तू सोता सांग. दुसऱ्याना तोंडनं नको."

शुक्रवारी मी तिच्या घरी गेले. माग बंद होते. चाचा ओट्यावर बसलेले, मला बघून त्यांनी जागा करून दिली. अम्मी आत होत्या, त्यांनी नेहमीसारखं ताट घेतलं नाही. आत, भिंतीशी, जिथं एरवी गोधड्यांची चवड असायची तिथं एक पत्र्याची पेटी होती. हिरवी, नवी कोरी, कडीला किल्ल्या अजून सुतळीनं बांधलेल्या. त्या घरात नवी वस्तू मी तीन वर्षांत पाहिली नव्हती. मी बघतेय हे अम्मींच्या लक्षात आलं आणि त्यांनी अंगावरची ओढणी सारखी केली, मग काही सुचेना म्हणून उठून पेटीवर एक चादर टाकली.

ते तिला पाठवणार होते. बहुधा निकालाच्याही आधीपासून.

नसीम बाहेर येऊन माझ्यासमोर बसली. मी म्हणाले, "मी जातेय." दुसरं काही मला जमलं नाही. कारण सांगितलं नाही, नानांचं नाव पुढं केलं नाही. तेवढं एक मी नीट केलं.

ती ओट्याच्या कडेला बोटानं रेघ ओढत होती. "भाषेत तुला नव्वद ना?"

"हो."

"मला पंचावन्न. तू शिकवलं नसतं तर चाळीस पण नसते. मग माझं नावच नसतं त्या कागदावर." हे ती अगदी गणितातली पायरी सांगावी तसं सांगत होती. मला तोडायला नव्हे. तिला ते खरं वाटत होतं म्हणून.

"तू नसतीस तर मला गणितात..." मी सुरू केलं आणि थांबले.

"हो," ती म्हणाली. "ते पण आहे."

चाचांना किती ऐकू आलं कुणास ठाऊक. ते माझ्याकडे झुकून त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, "अच्छे से पढना, बेटी." मी उठले. नसीम गल्लीच्या तोंडापर्यंत आली नाही. एरवी यायची.

पुण्याची खोली मी रंगवली होती तशीच होती. चार मुली होत्या, आणि दिवा बंद झाल्यावर त्या बोलायच्याही. माझ्याशिवायच्या तिघी फी भरून आलेल्या, एकाच शहराच्या, एकमेकींच्या ओळखीच्या. माझ्या बोलण्यातली अहिराणी ‘शे’ त्यांनी पहिल्याच दिवशी पकडली आणि हसल्या. जेवणघरात लांब बाकांवर साठ मुली बसायच्या, पोळ्या, पातळ वरण, गोडसर भाजी. त्या गर्दीत मी भिंतीकडे तोंड करून बसायची जागा शोधायचे. माग नव्हते, गाड्या नव्हत्या. रात्री इतकं शांत असायचं की मला झोप लागत नसे. मी नसीमला पत्रं लिहिली. पहिल्या वर्षी बारा-तेरा. खोलीबद्दल, प्रयोगशाळेबद्दल, गणिताच्या प्राध्यापकांबद्दल, की ते तुझ्यासारखंच ‘पुन्हा’ म्हणतात. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी मी तीन लिहिली. मग लिहिणं सोडलं. दिवाळीत धुळ्याला आले तेव्हा मागच्या गल्लीत नसीमकडे जायचं रोज ठरवायचे. एकदा कोपऱ्यापर्यंत गेले. शेड सुरू होती, इतका आवाज होता की हाक मारली असती तरी कुणाला ऐकू गेली नसती. हे मी स्वतःला सांगितलं आणि परत फिरले.

तिचं पुढं काय झालं ते अक्काकडून तुकड्यांनी कळत गेलं. तिनं धुळ्यातच बारावी केली, कॉलेज केलं, गणित घेऊन. मुली घरी येऊन तिच्याकडे शिकायच्या. मग तिच्या मोहल्ल्यातल्या ज्या शाळेत सातवीच्या पुढं वर्ग नव्हते तिथं दहावीपर्यंत वर्ग सुरू झाले, आणि ती तिथं गणिताची बाई म्हणून लागली. मी शिकून माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत लागले, फिरत फिरत जळगावला आले. नाना माझ्याकडे राहायला आले ते शेवटचं दीड वर्ष. ती गोष्ट वेगळी आहे.

जळगावच्या प्रयोगशाळेत हिवाळ्यात शाळांच्या सहली यायच्या. त्या दिवशी धुळ्याच्या मुलींच्या एका शाळेची बस येणार असं पत्र होतं. शाळेचं नाव मी वाचलं होतं, तरी मी तयार नव्हते. मुली ओळीनं आत आल्या, पांढऱ्या ओढण्या, निळे कुडते, आणि त्यांच्या मागून हजेरीची वही छातीशी धरून नसीम. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. मी हातातली परीक्षानळी खाली ठेवली आणि हाक मारली, "नसीम!"

ती थांबली. ओळखायला तिला वेळ लागला नाही. चेहरा उजळला, खरंच उजळला, ते मी पाहिलं. "अरे, तुम्ही इथं असता?" ती म्हणाली. मग मुलींकडे वळून, स्वच्छ मराठीत, "इकडं लक्ष द्या. या सुजाता मॅडम. आम्ही एका शाळेत होतो. फार हुशार होत्या. त्या आता तुम्हाला सांगतील."

मी सांगितलं. मातीचा नमुना कसा घ्यायचा, त्यात काय काय पाहायचं. तासभर बोलले. मुलींनी प्रश्न विचारले, नसीमनंही एक-दोन विचारले, चांगले विचारले, आणि प्रत्येक प्रश्नाआधी "मॅडम" म्हणाली. चहा झाला. तिनं सांगितलं, चाचा वारले, अम्मी आहेत. मी नानांचं सांगितलं. मग बाहेर बसपाशी आलो, तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "नसीम, मला ‘तुम्ही’ नको ना म्हणूस."

तिनं चष्म्याच्या आडून माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. मी शोधला, नव्हता. "आता सवय नाही राहिली," ती म्हणाली, आणि मुली मोजायला लागली.

एक मुलगी कमी भरत होती. तिला शोधायला दोघी आत पळाल्या. तोवर नसीम माझ्या शेजारी उभी होती, कडुनिंबाच्या सावलीत, पाचेक मिनिटं, वही छातीशी धरून. मग ती मुलगी नळावरून तोंड पुसत धावत आली, नसीम तिच्यावर ओरडली, आणि मागच्या दारानं बसमध्ये चढली.